परीक्षेच्या जागेमागे धावलेलं वर्ष

माझी मुलगी २०२० मध्ये बारावीत होती आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करत होती. करोनामुळे तिथल्या प्रवेशासाठीची एसएटी ही परीक्षा देता आली नाही म्हणून तिचं हुकलं, असं मी पुढे बरेच दिवस नातेवाइकांना सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. परीक्षेची अडचण होतीच. पण बाकीचं जे बिघडलं ते माझ्या निर्णयांनी बिघडलं. नेरुळ-खारघरकडचे अनेक आईबाप आज तेच निर्णय घेताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात दहावीच्या निकालापासूनच झाली. आम्ही तिला 'इंटिग्रेटेड' ज्युनिअर कॉलेजात घातलं. नाव कॉलेजच्या पटावर, शिकणं क्लासमध्ये आणि कॉलेजात जायचं ते फक्त प्रॅक्टिकलला. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी ही सोय बरी वाटली. पण बहुतेक नामांकित अमेरिकन विद्यापीठं शिक्षकांची शिफारसपत्रं मागतात. मूल वर्गात काय विचारतं, कुठे अडतं, अडल्यावर काय करतं, हे त्यांना शिक्षकाकडून ऐकायचं असतं. तिच्या कॉलेजातल्या बाईंना तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. त्यांनी चार ओळी लिहून दिल्या, 'हुशार आणि शिस्तप्रिय'. त्या बिचाऱ्या आणखी काय लिहिणार?

शिवाय नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण हवे असतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कॉलेजात, म्हणजे कागद दोन ऑफिसांतून आणायचे. बारावीचे अपेक्षित गुणही कॉलेजने लिहून द्यायचे. मी दिवाळीनंतर गेले, तेव्हा क्लार्क म्हणाले, "मॅडम, निकाल लागल्याशिवाय मार्क कसे लिहून देऊ? उद्या कमी पडले तर?" राज्य मंडळात अशी पद्धतच नाही, त्यांचं चूक नव्हतं. हे समजावून, प्राचार्यांना भेटून, त्यांच्याकडून पत्र घ्यायला वेळ लागतो. आणि अर्जाची मुदत एक जानेवारीच्या आसपास होती. जूनमध्ये फोनवर तरी सुरुवात करायला हवी होती.

पण जूनमध्ये मी एसएटीची जागा शोधत होते. मे-जूनच्या परीक्षा रद्द झाल्या होत्या. ऑगस्टच्या परीक्षेला मुंबईत केंद्र मिळेना, म्हणून पुण्याचं घेतलं. लोकल बंद होत्या आणि जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. गाडी ठरवली, पासचा अर्ज भरला आणि ऐनवेळी केंद्र बंद असल्याचा मेल आला. मग पुढची तारीख, दुसरं शहर, पुन्हा तेच. तिच्या निबंधांचे महिने असे गेले.

याच काळात विद्यापीठं स्पष्ट सांगत होती. एमआयटीने त्या वर्षापुरती परीक्षेची अट काढली होती. हार्वर्डने म्हटलं होतं की स्कोअर न देणाऱ्याचं नुकसान होणार नाही. कॅलटेकने तर पाठवलेला स्कोअरही बघणार नाही असं जाहीर केलं होतं. मी हे वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. आपल्याकडे मार्कांशिवाय कोणी दारात उभं करत नाही, मग तिथे कसं करतील, हा माझा हिशेब. मुलगी म्हणायची, "आई, त्यांनी लिहिलंय ना तसं!" मी तिला गप्प केलं.

सर्वात जास्त खंत वाटते ती वहीची. सीवूड्सला आमच्या गच्चीवरून खाडीकडची पाणथळ दिसते. लॉकडाऊनच्या एप्रिलमध्ये तिथे उतरलेल्या फ्लेमिंगोंचे फोटो जगभर गेले. माझी मुलगी मात्र त्याआधीपासून वहीत नोंदी ठेवायची. तारीख, भरतीची वेळ, थवा कुठल्या बाजूला, अंदाजे किती पक्षी. आणि शेवटच्या रकान्यात 'आज कुत्रे आले, सगळे उडाले' किंवा 'पाणी आलंच नाही, नाल्याचं तोंड बुजलंय' असं काहीतरी. अनेक अमेरिकन विद्यापीठांसाठी एकच अर्ज भरायच्या कॉमन ॲपमध्ये अशा कामांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी दीडशे अक्षरांची. पक्षी बघणं हा विरंगुळा, असं म्हणून मी ती नोंद काढायला लावली आणि तिथे विकतच्या ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं भरली. तिच्या अर्जात तिचं स्वतःचं असं जे होतं, तेच मी पुसलं.

मुंबईची मालविका जोशी २०१६ मध्ये एमआयटीत गेली, ती दहावी-बारावी न करता. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमधली तिची दोन रौप्य आणि एक कांस्य पदकं बोलकी होती. ही बातमी मी तेव्हाच वाचली होती, तरी मार्कांपलीकडचंही तिथे मोजलं जातं हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. विज्ञान ऑलिम्पियाडचं काम बघणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही मानखुर्दला, म्हणजे वाशीहून पूल ओलांडला की पुढच्याच स्टेशनवर आहे. जीवशास्त्राच्या ऑलिम्पियाडचं माझ्या मुलीने अकरावीत विचारलं होतं. क्लासच्या टेस्ट बुडतील म्हणून मी नको म्हटलं.

पैशाचंही आम्ही उशिरा वाचलं. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर त्याचा निवडीवर परिणाम होऊ न देणारी विद्यापीठं तेव्हा हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच होती. इतर बहुतेक ठिकाणी ती मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. आमची यादी याचा विचार न करता केलेली होती. शेवटी एका ठिकाणी प्रवेश मिळाला, मदत नाही मिळाली, आणि तेवढा खर्च झेपणारा नव्हता. तिने मुंबईतच बीएस्सी केलं.

आमच्या वर्षाचे नियम आता लागू नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये अट परत आणली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये. येलला एसएटीऐवजी एपीसारख्या परीक्षांचे गुणही चालतात. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसएटी संगणकावर होते. तेव्हा तुमचं मूल अकरावीत असेल तर शेजाऱ्यांचं किंवा माझं ऐकून ठरवू नका. प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर या वर्षी काय लिहिलंय ते मुलाबरोबर बसून वाचा, परीक्षेची जागा आणि कॉलेजचे कागद यांची कामं सुट्टीतच सुरू करा, आणि त्याने अर्जात स्वतःबद्दल जे लिहिलं असेल त्यावर काट मारू नका.