पदवी आणि पोट

परवा टोरोंटोहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, कायम वास्तव्याचा अर्ज भरतोय. नोकरी हिशेबनिसाची, पदवी मराठीची. एम.ए. लपवू का?" मला जरा लागलेच. मग त्यानेच नियम वाचून दाखवले: २०१५ पासूनच्या एक्स्प्रेस एंट्रीत शिक्षणाचे गुण निराळे, अनुभवाचे निराळे. परदेशी पदवीची समकक्षता ठरवून घ्यावी लागते. नोकरी मात्र एनओसीत (हे आपले ना-हरकत प्रमाणपत्र नव्हे, तिथले व्यवसाय-वर्गीकरण) पदनामावरून नव्हे, प्रत्यक्ष कामांवरून बसते. दोहोंचा मेळ असलाच पाहिजे असे नाही. "मग लपवून गुण का घालवतोस?" मी म्हणालो. ज्या पदवीवर इथे पाच वर्षे तासिका तत्त्वावर राबला, तिला तिथे गुण होते. तो हसला. मला हसता आले नाही, एम.ए. कर, असे त्याला मीच सांगितले होते.