दुबईचा प्रवास आणि घरचा हिशेब

वाळवंटांत जाऊन चैन करणें मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपेल काय, असा प्रश्न दुबईचा बेत निघतांच आमच्या घरीं उभा राहिला. मातुःश्रींची ही पहिलीच परदेशयात्रा. परंतु शिलकेंतील मोठा भाग पुढील वर्षीं मुलाच्या कॉलेजास लागणार. त्यास हात लावावयाचा नाहीं असें ठरवून आम्हीं वही पुढें घेतली.

पहिला विचार ऋतूचा. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखद, पण हॉटेलांचे भाव चढलेले. जुलैंत खोली स्वस्त, पण पारा चाळिसांवर. मातुःश्रींसाठीं हिंवाळा पत्करला आणि मुक्काम सातांऐवजीं चारच दिवसांचा ठरविला. दिरहम अमेरिकन डॉलरशीं ३.६७२५ या दरानें बांधलेला आहे; डॉलर महागला कीं आपला खर्चही वाढतो. शिवाय हॉटेलांत २०१४ पासून दर रात्रीं खोलीमागें निराळा कर पडतो, तोही आधींच मांडून ठेवावा.

तेथें पोहोंचल्यावर मेट्रोनेंच हिंडलों. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खालूनच पाहिला; वांचलेल्या पैशांत वाळूच्या टेकड्यांवरील एक संध्याकाळ साधली. मातुःश्रींस मात्र सर्वांत आवडली ती बर दुबईहून देऱ्यास नेणारी लांकडी आब्रा. भाडें अवघें एक दिरहम! १९६६ पर्यंत या गांवीं रिझर्व्ह बँकेनें काढलेला रुपयाच चालत असे, असें सांगतांच त्या म्हणाल्या, "मग जरा लवकर आलें असतें, तर हा दिरहमही वांचला असता!"

परतल्यावर वही मिटली, तेव्हां मुलाची रक्कम शाबूत होती.