डब्यावरचं नाव

"आवाज येतोय, पण चित्र दिसत नाही," बाबा फोनवर म्हणाले.

व्हिडिओ आजीचा होता. दादाने २०१९ मध्ये त्याच्या आयफोनवर काढलेला, पेन ड्राइव्हवरून बाबांच्या लॅपटॉपवर आलेला. पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. "कोडेक पाहिजे म्हणाला, पैसे मागत होता. म्हणून फुकटचं शोधून टाकलं. आता ब्राउझर उघडला की नुसत्या जाहिराती."

"दिसेल त्यावर क्लिक कशाला करता?" मी ओरडलो. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी साताऱ्याला गेलो. आधी ते फुकटचं प्रकरण काढलं, ब्राउझरमधली नको ती एक्स्टेन्शन्स उडवली, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावला. तो चालू असताना बाबांना म्हटलं, आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी असते ना, तसंच हे. एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावं. आत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतीने दाबून भरलेले असतात. ती पद्धत म्हणजे कोडेक.

मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली. आवाज एएसी, तो लॅपटॉपला कळत होता. चित्र एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. हे २०१३ चं मानक. २००३ च्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र मावतं. म्हणून आयफोन २०१७ पासून ते वापरतात. पण त्यावर पेटंट आहेत, परवान्याचे पैसे पडतात. बाबांकडे पैसे मागणारी ती खिडकी खरी होती. खोटं होतं ते फुकटचं.

खरं फुकटचंही असतं. व्हीएलसी हा पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून आलेला प्लेअर, २००१ पासून मुक्त परवान्याखाली. बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. सर्चमधल्या वरच्या जाहिराती सोडून पत्ता बाबांनाच टाइप करायला लावला: व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवला. इन्स्टॉल करताना विंडोजने परवानगी विचारली, तेव्हा प्रकाशकाचं नाव वाचायला लावलं: व्हिडिओलॅन. "हे नाव नसतं तर 'नाही' म्हणायचं."

मग फाइल लावली. ओट्यापाशी आजी. हात पिठाने भरलेले, कॅमेऱ्याकडे बघून वैतागलेली. "अरे, माझे कसले फोटो काढतोस!"

बाबा काहीच बोलले नाहीत. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, "आवाज रोज ऐकत होतो रे. काळ्या पडद्यावर. म्हटलं, एकदा दिसावी."

मला फोनवरचं ते "बरं" आठवलं. फाइलच्या आत काय आहे ते मी दोन मिनिटांत शोधलं होतं. बाबांना मात्र विचारलंही नव्हतं.

"परत लाव," ते म्हणाले. मी उठलो आणि माउस त्यांच्या हातात दिला.