पायऱ्यांच्या विहिरी आणि नारू

नारू या कृमीमुळे होणाऱ्या रोगाचा प्रसार पाण्यातून होत असला तरी प्रत्येक पाण्यातून तो होत नाही; ज्या साठ्यात माणूस पायऱ्या उतरून पाय बुडवतो आणि त्याच साठ्यातून पिण्याची घागर भरतो, तेथेच हा रोग मूळ धरतो. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात पायऱ्यांच्या विहिरींवर गावे जगत आणि त्याच विहिरींत नारूही जगत असे. या कृमीच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या, पाण्यात जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या जिवाच्या शरीरात वाढतात. तो पाण्याबरोबर पोटात गेला की अळ्या आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात, आणि सुमारे वर्षभरात मीटरभर लांबीपर्यंत वाढलेली मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन फोड उठवते.

प्रस्तुत लेखकाने हा रोग शाळकरी वयात स्वतःच्या पायावर भोगला आहे. घोट्याच्या वर आलेला फोड फुटला तेव्हा पांढऱ्या सुतासारखे टोक बाहेर आले. ते वडीलधाऱ्यांनी काडीला गुंडाळले आणि काडी फडक्याने पायाला बांधली. रोज जखम भिजवायची आणि कृमी ढिला पडला तरच काडीला एखादा वेढा द्यायचा, कारण ओढाताणीत तो तुटला तर पाय सुजतो, जखम चिघळते आणि कधी सांधा कायमचा आखडतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. असे आठवडेच्या आठवडे जात आणि तेवढे दिवस शाळा बुडे. घरातल्या कर्त्या माणसाला नारू झाला तरी शाळा मुलाचीच सुटे, कारण गुरे आणि शेतातली कामे त्याच्या अंगावर पडत.

फोडाची आग इतकी असह्य असते की माणूस आपसूक पाय पाण्यात घालतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. यासाठी गावकऱ्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. पाणी पिणे आणि फोड येणे यांत वर्षाचे अंतर असताना संशय विहिरीवर जाणार तरी कसा?

या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती, ती आजही नाही. तरीही 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, विहिरींत टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक टाकणे, पायऱ्या बंद करून पाणी शेंदण्याची सोय करणे आणि हातपंप बसवणे एवढ्या साध्या उपायांनी तो हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या यशाचे श्रेय घरोघर फिरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांइतकेच, रोज न चुकता घागरीच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या बायकांनाही द्यायला हवे.

मात्र फडक्याने अडतो तो सायक्लॉप्स. जियार्डियासारख्या एकपेशीय परजीवींची कोष्ठे, म्हणजे कवचात सुप्त राहिलेली त्यांची अवस्था, इतकी सूक्ष्म असतात की ती कापडातून सहज पार होतात आणि मुलांना हगवण लावून त्यांची वाढ खुंटवतात. त्यांच्यासाठी पाणी उकळावे लागते, आणि ज्या घरांत चुलीपुरते सरपणही मुलांनाच गोळा करावे लागते, तेथे ते रोज उकळले जात नाही.