जे काढलंस ते बोललास

प्रिय ईशान,

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी या भुयारावरून केलेला तुझा नवा नकाशा पाहिला. देखणा झालाय यात वाद नाही. खेळायला त्रासाचा आहे यातही वाद नाही. तूच मत विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. सेशनमध्ये सगळ्यांसमोर बोलले असते तर तू माझ्या पात्राच्या, त्या ड्वार्फच्या, डोक्यावर छप्पर पाडून मोकळा झाला असतास.

फरशीपासून सुरुवात करते. नकाशे काढायच्या डन्जनड्राफ्ट सॉफ्टवेअरमध्ये हवी तेवढी टेक्स्चर्स मिळतात म्हणून तू भेगा, शेवाळ, रक्ताचे डाग, कवट्या असं सगळं एकाच दालनात ओतलंस. त्यावर तपकिरी गॉब्लिनचं टोकन ठेवलं की ते गायबच होतं. मागच्या रविवारी तुझ्या जर्मनीतल्या मित्राने कवटीवर बाण सोडला, आणि तुम्ही सगळे हसलात. चूक त्याची नव्हती रे. नकाशानेच त्याला तिथे काहीतरी आहे म्हणून सांगितलं होतं.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी छापून आणला तेव्हा तळघराचा नकाशा आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला असे आणि तो फक्त डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात असे. डीएम तोंडी सांगायचा, ‘तीस फुटांवर वाट डावीकडे वळते,’ आणि खेळाडू त्यावरून आपापला नकाशा काढायचे. तो चुकला तर चुकला, तीही खेळातलीच गंमत. आता तुझा नकाशा थेट आमच्या पडद्यावर उघडतो. म्हणजे त्यात जे जे काढलंस ते ते तू आमच्याशी बोललास. कोपऱ्यात पेटी रंगवलीस की आम्ही ती उघडणारच. पुस्तकांचं कपाट काढलंस की मी पुस्तकांची नावं विचारणार, आणि तुझ्याकडे उत्तर नसणार. ज्या वस्तूबद्दल बोलायला काही नाही ती नकाशात नकोच.

दुरुस्ती सोपी आहे. आधी अख्खा नकाशा कृष्णधवल करून बघ. जमीन, भिंत आणि भिंतीपलीकडचा भरीव खडक या तिन्हींच्या करड्या छटा एकमेकींत मिसळत असतील तर रंग कितीही भारी असोत, उपयोग नाही. जमिनीचा रंग फिका कर, टेक्स्चरचा कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आण. भिंतीपलीकडचा भाग सरळ गडद ठेव. आमच्या ऑफिसात इमारतीचा प्लॅन काढताना कापलेल्या भिंतीची रेघ सगळ्यात जाड आणि फर्निचरची सगळ्यात बारीक, हा पहिल्या दिवशीचा धडा असतो. तुझ्या नकाशात टेबलाची कडा भिंतीपेक्षा ठसठशीत आहे. डायसन लोगोस या नकाशाकाराचे काळेपांढरे नकाशे समोर ठेवून बघ: पांढरी जमीन, जाड भिंत आणि भिंतीबाहेर तिरक्या रेघांचं हॅचिंग. टेक्स्चर नावालाही नाही, तरी आत कुठे जायचं आणि कुठे नाही याचा संशय राहत नाही. त्याचे नकाशे याच खेळाच्या वॉटरडीपवरच्या अधिकृत पुस्तकातही आले ते उगाच नाही.

सावलीचंही तसंच. तू प्रत्येक भिंतीची सावली उजवीकडे खाली पाडली आहेस. जमिनीखाली सूर्य कुठून आला? उघड्यावरच्या गावाला ती सावली शोभते. तळघरात भिंतीच्या आतल्या कडेने चहूबाजूंनी मऊ काळपटपणा दे, वेगळ्या लेयरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये. तेवढ्याने जमीन खाली गेल्यासारखी आणि भिंत वर आल्यासारखी वाटते.

आणि मशालींचा पिवळा उजेड चित्रातच रंगवू नकोस. उजेडाचं काम व्हीटीटी, म्हणजे आपण ज्यावर ऑनलाइन खेळतो ते व्हर्च्युअल टेबलटॉप, करतं. तू तिथे भिंतींच्या रेघा आणि दिवे दिलेस की कोणाला कुठपर्यंत दिसतं ते तेच ठरवतं. चित्रातला उजेड मशाल विझली तरी जात नाही, मग आम्ही काळोखात आहोत हे तू दहादा सांगतोस आणि पडदा उलटं सांगतो. पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढे आणखी २० फूट अंधूक. चौकट ५ फुटांची, म्हणजे चार अधिक चार. तुझं मोठं दालन चोवीस चौकटी लांब आहे. मशालवाला दारात उभा राहिला तर दालनाचा तिसरा हिस्सा जेमतेम उजळतो, आणि हे फार छान आहे. तो काळोख तसाच राहू दे. माझ्या ड्वार्फला २०१४च्या नियमांप्रमाणे अंधारात ६० फूट दिसतं, पण करड्या छटांत. तुझं हिरवं शेवाळ तिच्यासाठी वायाच गेलं म्हण.

आता वाटांकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. खरी अंधारी तू पाहिली आहेस. खडकात खोदलेली, वळत वळत चढणारी, मुद्दाम कमीजास्त उंचीच्या पायऱ्यांची. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर आग पेटवायची आणि धूर आत कोंडायचा, अशी सोय होती म्हणतात. किल्ला राखणाऱ्यासाठी याहून चोख रचना नाही: शत्रूला एकच वाट, मागे फिरायला जागा नाही, निवड तर नाहीच. पण खेळाडूला निवडच लागते. तुझ्या नकाशात आम्ही खालून शिरतो आणि वर निघतो. मध्ये काय होणार ते तू ठरवलेलं. त्यातून बोळ एक चौकट रुंद, म्हणजे पुढचा एक लढणार आणि मागचे चौघे मोबाइल बघणार.

जेनेल जॅक्वेजचं १९७९ सालचं ‘द कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ हे साहस मिळवून बघ. आत शिरायला एकाहून जास्त वाटा, मजल्यांना जोडणारे वेगवेगळे जिने, फिरून पुन्हा त्याच दालनात आणणारी वळसे घेणारी भुयारं. एक दार अडलं तर दुसरीकडून प्रयत्न करता येतो, शत्रूच्या पाठीमागे निघता येतं. तूही अंधारीच्या मधोमध एक कोसळलेली भिंत दे, पलीकडे पहारेकऱ्यांची खोली, तिथून खंदकाकडे उतरणारी अरुंद चीर. बोळ दोन चौकटींचा कर, ओगरही मावेल. अरुंद जागा एकच ठेव, धुराच्या तोंडाशी. तिथे ती भीती घालेल. सगळीकडे ठेवलीस तर नुसता कंटाळा.

आकाराचं एक सांगते, मग थांबते. तुझं चित्र ४० चौकटींचं आणि २८१३ पिक्सेल रुंद आहे. ७० पिक्सेलच्या चौकटीने ते २८०० हवं. हे १३ पिक्सेल डाव्या टोकाला जाणवत नाहीत, उजव्या टोकाला जाईपर्यंत टोकन भिंतीत घुसतं. कापताना नेहमी चौकटीच्या पटीतच काप. आणि कुठल्या जुन्या साहसाचा नकाशा घेतलास तर आधी प्रमाण वाच. त्यात बहुधा एक चौकट १० फुटांची असते, आपल्या चार चौकटी तिच्यात बसतात.

गुप्त दार आणि सापळे डीएमच्या लेयरवर हलव. फाइलचं नावही बदल. परवा तू ‘अंधारी_मिमिक_पेटीत’ अशी फाइल ग्रुपवर टाकलीस आणि पेटीच्या रूपात राक्षस दडलाय हे सगळ्यांना कळलं, तेव्हापासून त्या पेटीला कोणी हात लावायला तयार नाही.

रविवारपर्यंत सगळं जमणार नाही. फरशी, भिंतीच्या रेघा आणि ती दुसरी वाट एवढं कर. पायऱ्यांना हात लावू नकोस, त्या उत्तम उतरल्यात. धूर एका फेरीत किती चौकटी पसरतो ते मात्र आधी लिहून ठेव, मी पहिल्याच फेरीत विचारणार आहे.

तुझी,
मावशी