परत वळण्यापुरती गाडी

माझ्याकडे राहती गाडी बांधून घ्यायला येणारा माणूस सुरुवात आतल्या जागेपासून करतो. पलंग किती फुटी बसेल, संडास-बाथरूम वेगळं काढता येईल का, फ्रीज कुठे राहील. सगळं ऐकून झालं की मी विचारतो, ‘तुम्हाला जायचंय त्यातला सगळ्यात अरुंद रस्ता कुठला?’ याचं उत्तर पटकन फार थोड्यांना देता येतं. आणि गाडीचं माप तर तिथूनच निघतं.

कशेळ्यात, कर्जत-मुरबाड रस्त्याच्या कडेला माझी शेड आहे. कंपनीची चासी यायची आणि तिच्यावर आम्ही पेटी चढवायची, हे काम. बॉडीचं काम मी शिकलो व्हॅनिटी व्हॅनवर. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला आणि कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर शूटिंगच्या गाड्यांची वर्दळ वाढली. व्हॅनिटी म्हणजे बसच्या लांबीची गाडी. आत एसी, आरसे, सोफा, संडास. ती मुंबईहून निघते, हायवेने येते, स्टुडिओच्या आवारात सपाट जमिनीवर दिवसभर उभी राहते आणि रात्री परत जाते. त्या कामासाठी तिचं माप अगदी योग्य आहे. अडचण एवढीच की बहुतेकांच्या डोक्यात राहत्या गाडीचं जे चित्र असतं ते तिचं असतं, आणि जायचं असतं स्पितीला, झंस्कारला, अरुणाचलला.

चासीवर पेटी बसली की मी गाडी हायवेला नेत नाही. कशेळ्यातून आंबिवलीमार्गे जामरुखकडे नेतो, कोथळीगडाच्या पायथ्याने. दुसऱ्या फेरीला खांडसच्या बाजूला, जिथे रस्ता संपतो आणि भीमाशंकरचे शिडी घाट, गणेश घाट पायी चढायचे असतात. या रस्त्यांवर हिमालयात भेटणारी बहुतेक दुखणी लहान प्रमाणात भेटतात. ग्रामसडकेचा डांबरी पट्टा ठरलेला ३.७५ मीटर, वाहतूक कमी असेल तर ३ मीटर. कायद्याप्रमाणे गाडी २.६ मीटर रुंद चालते. म्हणजे तीन मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा धड उरत नाही, आणि त्यापलीकडे लगेच भाताच्या खाचराचा बांध. पावसाळ्यात साइडपट्टी वरून घट्ट दिसते, चाक गेलं की खचते. वर आंब्या-वडाच्या फांद्या, ओढून नेलेल्या वीजतारा, मध्येच एखादी फरशी, जिच्यावर ओढ्याचं पाणी चढलेलं असतं.

यावर लोक म्हणतात, एवढी मोठी एसटी जाते की तिथे! जाते, पण कशी जाते ते बघायला हवं. एसटी ज्या गावात मुक्कामाला किंवा फेरीला जाते तिथे तिला वळायला जागा असते. देवळासमोरचं पटांगण असेल, शाळेचं मैदान असेल, तिठा असेल. गावाने ती मोकळी ठेवलेली असते, तिथे कुणी गंजी रचत नाही. ड्रायव्हरला रोजच्या सरावाने ती पाठ असते. गाडी पुढे जाते ती परत वळायची सोय ठाऊक असते म्हणून. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसासाठी अशी जागा कुणी राखून ठेवलेली नसते. वाटेत दरड आली, पूल वाहून गेला, समोर नाला फुगला, की जिथे उभा असेल तिथेच त्याला वळावं लागतं. म्हणून माझं मोजमाप एकच: तुमच्या वाटेवर जितक्या जागेत वळणं भाग पडेल, तितक्यात वळेल एवढी मोठी गाडी बांधा, त्याहून वीतभरही मोठी नको.

ग्रांफूहून बातलकडे जाणारा, पुढे ४,५५१ मीटरवरच्या कुंझुम खिंडीकडे चढणारा रस्ता घ्या. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी बर्फ वितळून गुडघ्याच्या वर येतो. तिथे शहाणपण एकच, मागे फिरायचं आणि उद्या पहाटे यायचं. छोटी गाडी पुढे-मागे करत तीनचार हिसक्यांत फिरते. लांब गाडीला वळण मिळेपर्यंत रिव्हर्समध्ये जावं लागतं, एका बाजूला दरी आणि मागे उभा असलेला क्लीनर शिट्ट्या मारतोय. दोघंच प्रवास करत असतील तर तो क्लीनर म्हणजे तुमची बायको किंवा नवरा, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर, धाप लागलेल्या अवस्थेत.

युरोपातून आलेले मोठे एक्स्पिडिशन ट्रक आपल्याकडे अधूनमधून दिसतात. मर्सिडीजचे युनिमॉग, लष्करी मॅन. त्यांचे फोटो लोक मला दाखवतात. ती यंत्रं मला मनापासून आवडतात. पण सहारा, मंगोलिया, कझाकस्तान या रुंद प्रदेशांचा हिशेब त्यांच्या मापात आहे. तिथे अडचण अंतराची असते, पंपांमधल्या शेकडो किलोमीटरची. म्हणून मोठ्या टाक्या आणि मोठी चाकं. आपल्याकडे पंप सापडतो, चहा सापडतो, पंक्चरवाला सापडतो. सापडत नाही ती रुंदी. जबलपूरच्या कारखान्यातून लष्करासाठी निघणाऱ्या स्टॅलियन ट्रकसारखं काहीतरी बांधू असं म्हणणारेही भेटतात. चारही चाकांना ताकद असलेला तो उत्तम ट्रक आहे, पण त्याच्यामागे फौजेचा कारखाना असतो, सुट्या भागांचा साठा असतो, अडकला तर ओढायला दुसरा ट्रक असतो.

देशाबाहेर न्यायची असेल तर आणखी एक बारीक गोष्ट. हाय-क्यूब कंटेनरचं दार साधारण २.३४ मीटर रुंद आणि २.५८ मीटर उंच असतं. त्यात बसणारी गाडी कुठल्याही बंदरावरून पाठवता येते. त्याहून मोठी झाली की गाड्या चालवत चढवायचं जहाज शोधा, उघड्या डेकचा खर्च मोजा.

आपल्या माणसांनी मात्र गाडीच्या मापाचा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक बघा. शिधा, भांडी, राहुट्या, गाद्या सगळं त्यात असतं; पण ट्रकात कुणी संसार मांडत नाही. मुक्कामाला पोचलं की माल खाली उतरतो, राहुटी बाहेर उभी राहते, चूल बाहेर पेटते. गाडी वाहून नेण्यापुरती, राहणं जमिनीवर. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. चार माणसांच्या कुटुंबासाठी चार पलंगांची गाडी मागणाऱ्यांना मी हेच सांगतो: दोघं आत झोपा, मुलं तंबूत. मुलांना तंबूच हवा असतो.

आता वजन. लोक लांबीवर भांडतात, पण गाडी मोडते वजनाने. हलक्या वाहनाचा परवाना आपल्याकडे ७,५०० किलोपर्यंत चालतो. व्यावसायिक गाड्यांनाही तीच मर्यादा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केली. युरोपात साध्या परवान्याची रेघ ३,५०० किलोवर आहे, म्हणून तिथले लोक एकेक किलो मोजतात. आपल्याकडे रेघ लांब आहे म्हणून कुणी मोजतच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. अठरा मिलीमीटर प्लायची आठ बाय चारची शीट पस्तीस किलोच्या आसपास, आणि सुतार सवयीने सगळं फर्निचर अठराच्या प्लायमध्येच करायला निघतो. मी बारा आणि नऊवर आणतो, कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी देतो. दोन मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आत बसतो, तर सोळा गेजचं लोखंड साडेबाराला जातं. पेटी जितकी लांब, तितका हा फरक पसरत जातो.

वजनकाट्यावर मी गाडी तीनदा उभी करायला लावतो. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. काट्यावरच्या माणसाला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं. आता तो स्वतःच हात दाखवून थांबवतो. पूर्ण वजन मर्यादेत असूनही मागचा आस ओव्हरलोड निघतो, हे नेहमीचं. कारण टाकी मागे, बॅटऱ्या मागे, स्टेपनी मागे, शिवाय सायकलींचा स्टँड त्याच्याही मागे. मागच्या चाकांच्या पलीकडे लटकणारा भाग व्हीलबेसच्या साठ टक्क्यांपर्यंत चालतो असं नियम सांगतो, पण डोंगरात तेवढा ठेवला तर प्रत्येक फरशी उतरताना शेपटी घासते, आणि तिथे ठेवलेलं ओझं तरफेसारखं पुढची चाकं हलकी करतं. स्टिअरिंग हलकं लागतंय म्हणून मालक खूश होतो, तेव्हा मला काळजी वाटते.

चासी पिळते, हेही लांबीशीच जोडलेलं दुखणं आहे. ट्रकची चासी शिडीसारखी असते आणि ती पिळावी म्हणूनच तशी बनवतात. एक चाक खड्ड्यात, समोरचं तिरकं चाक दगडावर, तरी चारही जमिनीला टेकलेली. पेटीला पिळणं सोसत नाही. यू-बोल्टने ती चासीला घट्ट आवळली तर पहिली चीर दाराच्या वरच्या कोपऱ्यात जाते, दुसरी खिडकीच्या. म्हणून पुढे घट्ट आणि मागे स्प्रिंगवर, किंवा तीन टेकूंवर पेटी ठेवायची. लहान व्हीलबेसवर हे सोपं जातं. पाच मीटरच्या पेटीवर मागचा कोपरा एवढा उचलला जातो की केबिन आणि पेटी यांच्यातली रबरी माळ महिन्यात फाटते. केबिनची मागची भिंत कापून सरळ आत जायची वाट करून द्या, ही मागणी मी ऐकत नाही. त्यात पिळण्याचा प्रश्न आहे आणि कायद्याचाही. गाडीची मूळ रचना बदलता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. राहत्या गाड्यांसाठी ए.आय.एस.-१२४ हे वेगळं मानक आहे, त्यात बसवून पासिंग करून घेणं हाच सरळ मार्ग.

मग माझ्या मते माप किती? दोन माणसांना, आपल्या देशात, डोंगरात जायचं असेल तर टाटा ४०७ च्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या वर्गातली चासी पुरते, त्यातही लहान व्हीलबेस. ४०७ आली १९८६ साली, ट्रॅव्हलर १९८७ साली. देशात कुठल्याही तालुक्याच्या गावी दोन्हींचा मेकॅनिक आणि पाटे मिळतात. बोलेरो कॅम्परसारखी पिकअप त्याहून चपळ, पण तिच्यात पाऊस सुरू झाला की दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. आणि पाऊस ही आमच्याकडची खरी परीक्षा आहे. वर उचलायचं कापडी छप्पर फोटोत छान दिसतं, गाडी ठेंगणी राहते, फांद्यांखालून सुटते. पण इथे चार महिने कापड वाळत नाही. ओलं मिटलं की आठवड्यात काळी बुरशी, आणि मग तो वास गादीतून जात नाही. म्हणून कोकणात राहणाऱ्याला मी टणक छप्पर सांगतो आणि उभं राहता येईल एवढी उंची देतो. लांबी कापा, रुंदी कापा, पण सरळ उभं राहून पॅन्ट चढवता आली पाहिजे. आठवडाभर वाकून वावरलेली माणसं गाडी विकायला काढतात.

रुंदीचा हिशेब पलंग ठरवतो. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस आडवा झोपवायचा तर आत १.८५ मीटर लागतात; दोन्ही भिंतींची जाडी धरून पेटी दोन मीटरच्या आत बसते. पलंग उभा टाकला तर पेटी अरुंद होते, पण लांबी अर्ध्या मीटरहून जास्त वाढते. मी आडवा घेतो. माणूस सहा फुटांच्या वर असेल तर डोक्यापाशी भिंतीत खाच काढतो.

ऑर्डर घेण्याआधी शेडच्या कोब्यावर खडूने पूर्ण मापाचा आराखडा आखतो. पलंग, ओटा, दार, सगळं. दोघांना त्या रेषांच्या आत एक संध्याकाळ काढायला सांगतो. स्टोव्ह देतो, चहा करा, जेवण करा, अंथरूण घाला, परत आवरा. रेघेवर पाय पडला की भिंतीला आपटलात असं समजायचं. अर्ध्या तासात कुजबुज सुरू होते, ‘हे इकडे घेतलं तर?’ मग तेच स्वतःच्या हाताने ओटा पुसतात आणि दुसरीकडे आखतात. कागदावर ज्यांना साडेपाच मीटरही कमी वाटत होते त्यांनी इथे साडेतीनमध्ये भागवलेलं मी पाहिलंय.

सध्या शेडमध्ये एका निवृत्त जोडप्याची गाडी आहे. बाईंना गुडघ्यांचा त्रास, म्हणून पायरी खाली घेतली आणि पलंग बैठ्या उंचीचा केला. वेगळं बाथरूम त्यांनीच काढून टाकलं. त्या जागी ओढून बाहेर येणारा छोटा संडास, अंघोळीला मागच्या दाराला पडदा. पाण्याची टाकी दोन चाकांच्या मध्ये, चासीच्या आतल्या बाजूला आली, बॅटऱ्या तिच्या शेजारी. परवा काट्यावर मागच्या आसाला मर्यादेखाली भरपूर जागा निघाली, तेव्हा काकांनी लगेच सायकली मागे लावायचं विचारलं. मी नको म्हटलं. सायकली छपरावरही नकोत, फांद्या आहेत. काकूंनी निकाल दिला की सायकली डोंबिवलीला घरीच राहतील. आता आतली वायरिंग राहिली आहे, आणि जामरुखची फेरी.