लोखंडी पेटी कोणासाठी?

चि. सौ. मनीस,


कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात तुम्ही दोघं तंबूत राहायला निघालात आणि तिथला एक नियम वाचून जावईबापू वैतागले, असं तू लिहिलंस. खाण्याचं सगळं सामान रात्री लोखंडी पेटीत ठेवायचं, गाडीत काही राहता कामा नये. कुलूपबंद गाडी असताना ही जादा कटकट कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ती पेटी मुख्यतः तुमच्यासाठी ठेवलेलीच नाही, ती अस्वलाचा जीव वाचवायला ठेवली आहे. तंबूपाशी अस्वल अचानक आलं, असं परत आलेले लोक रंगवून सांगतात. ते अचानक बहुधा नसतंच. त्या जागी खायला मिळतं हे आधीच्या कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं.

आपल्याकडे अस्वल म्हटलं की मेळघाट-ताडोबाचं अस्वल डोळ्यांपुढे येतं. वारूळ उकरून वाळवी खाणारं, मोहाच्या फुलांवर ताव मारणारं आणि अवचित समोरासमोर गाठ पडली तर माणसाच्या तोंडावर झडप घालणारं. योसेमिटीतलं काळं अस्वल स्वभावाने पुष्कळ निराळं. (रंगाने ते बरेचदा तपकिरी असतं, तेव्हा नावावर जाऊ नका.) ग्रिझली हे मोठं, जास्त धोक्याचं अस्वल कॅलिफोर्नियातून शंभर वर्षांपूर्वीच संपलं, आता ते राज्याच्या झेंड्यावर तेवढं उरलंय. काळ्या अस्वलाने योसेमिटीत माणूस मारल्याची नोंद नाही. मग एवढा कडक नियम नुसत्या भीतीपोटी केला असेल, असं म्हणता येत नाही.

अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लावली ती खुद्द उद्यानांनीच. १९२० आणि ३०च्या दशकांत यलोस्टोन आणि योसेमिटीत उष्टं-खरकटं ठरावीक जागी ओतलं जाई आणि ते खायला जमलेली अस्वलं पाहायला संध्याकाळी पर्यटकांची गर्दी होई. योसेमिटीत तर त्यासाठी दिव्यांचा झोत सोडत. हे खेळ १९४०च्या सुमारास बंद झाले, पण कचऱ्याचे ढीग आणि अस्वलांची सवय राहिली. तिची किंमत १९६७ साली मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात दिसली. १३ ऑगस्टच्या एकाच रात्री, वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा जीव घेतला. त्यांतल्या एका जागेजवळच्या विश्रामगृहात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ग्रिझलींना रोज खरकटं घातलं जात होतं. दुसऱ्या जागी एक अस्वल त्या उन्हाळ्यात माणसांच्या मुक्कामांवर सारखं येत होतं. दोन्हीकडे धोक्याची खूण आधीपासून डोळ्यांसमोर होती.

योसेमिटीत माणसं मेली नाहीत, गाड्या फुटल्या. एकट्या १९९८ साली तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात गेलं. काचेच्या वरच्या कडेत नखं रोवून अस्वल गाडीचा दरवाजा वाकवतं. जावईबापूंच्या कुलपाचं उत्तर हेच. पुढे संशोधकांनी फोडलेल्या गाड्या मोजल्या, तेव्हा मिनीव्हॅनवर अस्वलांचा विशेष लोभ असल्याचं दिसलं. मुलाबाळांच्या गाड्या त्या, सीटखाली बिस्किटांचा चुरा आणि सांडलेला रस असायचाच! हिवाळ्याआधी अस्वलाला दिवसाला २० हजार कॅलरीपर्यंत पोटात घालाव्या लागतात. तेवढ्यासाठी ओकची फळं तासन्‌तास वेचायची की एक शीतपेटी फोडायची, याचा हिशेब त्याला नीट कळतो. माद्या तो पिल्लांनाही शिकवतात.

यावर कुणी म्हणेल, जंगल त्यांचंच, चार घास खाल्ले तर बिघडलं कुठे? बिघडतं ते अस्वलाचंच. चटक लागलेलं अस्वल माणसाला भिईनासं होतं, तंबूत शिरू लागतं आणि शेवटी वनरक्षकांनाच त्याला मारावं लागतं. दुसरा आक्षेप असा की असं अस्वल पकडून लांब सोडावं. अस्वलं शेकडो किलोमीटरांवरून परत येतात, नाहीतर नव्या जागी जुनाच उद्योग सुरू करतात. आपल्या जुन्नरचा दाखला याहून बोलका आहे. तिथले बिबटे २००१ नंतर पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासातून दाखवून दिलं. प्राण्याला नुसतं हलवून भागत नाही, गोष्टीची माणसाकडची बाजू बदलावी लागते.

ती बदलता येते, याचाही पुरावा योसेमिटीतच आहे. पूर्वी वाटसरू अन्नाच्या पिशव्या दोरीने झाडाला टांगत. अस्वलं दोऱ्या तोडायला शिकली, नाजूक फांद्यांवर पिल्लं चढवू लागली. मग आडरानात जाणाऱ्यांना अस्वलाच्या दातांना न जुमानणारा गोल डबा सक्तीचा झाला, तंबूतळांवर लोखंडी पेट्या आल्या आणि १९९९ पासून या कामाला वेगळा सरकारी निधी मिळाला. उपद्रव नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अस्वलांच्या केसांचं आणि जुन्या हाडांचं रासायनिक परीक्षण केलं, तर त्यांच्या आहारातला माणसाच्या अन्नाचा वाटा पहिल्या महायुद्धाच्या काळाइतका खाली आल्याचं आढळलं. एकट्याने नियम पाळून काय होणार, असं विचारणाऱ्याला मी हाच आकडा दाखवीन. तो एकेकट्यांनीच घडवला आहे. आणि एकाच्या ढिलाईनेही अस्वल शिकतं, हे आहेच.

तेव्हा पेटीत खाण्याबरोबर टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम आणि कचऱ्याची पिशवीही जाऊ दे. चिवडा आणि लोणचं तर नक्कीच, आपल्या हिंगाचा वास मैलभर जातो. अस्वल तळावर आलंच तर पळू नका. एकत्र उभे राहून मोठ्याने ओरडा, ते बहुधा जातं. हा सल्ला काळ्या अस्वलापुरता. ग्रिझलीच्या मुलुखात गेलात तर तिथले नियम वेगळे वाचा. योसेमिटीत रस्त्याकडेला लाल अस्वलाचं चित्र असलेल्या पाट्या दिसतील. तिथे गाडीने अस्वलाला धडक दिलेली असते, आणि अशा धडका तिथे आजही दरवर्षी होतात. वेगमर्यादेवर जावईबापूंचा काही आक्षेप असेल तर तोही कळव.

तुझा,
काका